टॅबला मेमरी किती घ्यावी? आधी घरची टाकी आठवा

दहावीचा निकाल लागला की माझ्या दुकानात महिनाभर एकच प्रश्न फिरत असतो. लातूरला ट्यूशन एरियाच्या तोंडाशी माझं मोबाईल-टॅब दुरुस्तीचं दुकान आहे, दहा बाय बाराचं. अहमदपूर, उदगीर, निलंगा, गंगाखेड, पार बिलोलीपासून पोरं इथं अकरावी-बारावीला येतात. पोरगं राहायची खोली बघतं, बाप मेसचा डबा चाखून बघतो, आणि मग दोघं टॅबवर येतात. यंदाही एक मामा सोयाबीनचे पैसे बंडीच्या खिशात घेऊन आले. "मालक, पोराला टॅब घ्यायलोय. किती जीबीचा घेऊ?"

मी टॅब विकत नाही. काच, कव्हर, मेमरी कार्ड एवढंच विकतो, बाकी दुरुस्ती. त्यामुळं मोठा घ्या म्हणून सांगण्यात माझा काही फायदा नाही. मी त्यांना उलट विचारलं, "मामा, घरी पाण्याची टाकी किती लिटरची?"

लातूरकराला हा प्रश्न विचित्र वाटत नाही. २०१६ च्या एप्रिलात आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या. तेव्हापासून इथल्या शेंबड्या पोरालाही एक हिशेब कळतो. नळ रोज येत असेल तर चार माणसांच्या घराला ५०० लिटरची टाकी पुरते. तोच नळ दहा दिवसांनी यायला लागला की २,००० लिटरची टाकीही तोकडी पडते. माणसं तेवढीच, आंघोळी तेवढ्याच, बदलतं ते दोन पाण्यांमधलं अंतर.

टॅबच्या मेमरीचंही तसंच आहे. दुकानदार म्हणतो, "आता सगळं ऑनलाइन आहे, मेमरी कशाला लागते?" ज्याच्या खोलीत चोवीस तास वायफाय आहे त्याच्यासाठी हे खरं आहे. जो पोरगा दिवाळीला वीस दिवस गावी जातो आणि तिथं रेंज फक्त मारुतीच्या पारावर मिळते, त्याच्यासाठी नाही. म्हणून पोरगं किती वापरतं हे नंतर विचारा. नेट नसलेले सलग किती दिवस काढायचे आहेत ते आधी विचारा. मी त्यांना कोरडे दिवस म्हणतो.

पण त्याआधी एक गोंधळ मिटवू. पेटीवर "६/१२८" किंवा "८+१२८" असं छापलेलं असतं. त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मोठा आकडा म्हणजे स्टोरेज, तीच आपली टाकी. लहान आकडा म्हणजे रॅम, तिचा टाकीशी संबंध नाही.

रॅम समजवायला मी माझ्या कामाच्या टेबलाकडं बोट दाखवतो. दोन फुटांचा टेबल आहे. त्यावर एका वेळी तीन मोबाईल उघडून ठेवता येतात, प्रत्येकाचे स्क्रू आपापल्या जागी मांडलेले. चौथं गिऱ्हाईक आलं की मला एकाचे स्क्रू डबीत भरून तो मोबाईल कपाटात टाकावा लागतो. परत घेतला की पुन्हा डबी उपडी करा, पुन्हा स्क्रू मांडा. कपाट कितीही मोठं असलं तरी टेबल तेवढाच. टॅबवर लेक्चर चालू आहे, मध्येच पीडीएफ उघडली, शंका विचारायला व्हॉट्सअ‍ॅपवर गेलो आणि परत आलो तर लेक्चर पहिल्यापासून सुरू झालं, असं कधी झालंय का? टेबल लहान पडला म्हणून टॅबनं ते लेक्चर कपाटात टाकलं होतं. पोरं याला "हँग व्हायलाय" म्हणतात. खरं तर तो हँग झालेला नसतो, पुन्हा स्क्रू मांडत असतो.

रॅम नंतर वाढवता येत नाही. ती पट्टीवर पक्की बसवलेली असते, काढा-घाला नाही. म्हणून आधी रॅमचं ठरवा. घरातल्या आजोबांना कीर्तन आणि व्हिडिओ कॉल एवढंच पाहिजे असेल तर ४ जीबी चालते. नीट-जेईई करणाऱ्या पोराला मी ६ च्या खाली घेऊ देत नाही. अर्ध्या पडद्यावर लेक्चर, अर्ध्यावर पेननं नोट्स असं करणार असेल आणि टॅब पुढं कॉलेजातही चालवायचा असेल तर ८ घ्या. बारा-सोळाच्या नादाला लागू नका. अपवाद चित्रं काढणाऱ्यांचा. आयपॅडवरच्या प्रोक्रिएटसारख्या अ‍ॅपमध्ये एका चित्राला किती थर चढवता येतील हे रॅमवर ठरतं.

दुकानात परीक्षा घ्यायची सोपी रीत आहे. मांडलेल्या टॅबवर यूट्यूबचा एक व्हिडिओ लावून दोन मिनिटांवर थांबवा. मग ब्राउझरमध्ये एक मोठी पीडीएफ उघडा, कॅमेरा उघडून एक फोटो काढा, नकाशा उघडा, आणि परत यूट्यूबवर या. दोन मिनिटांवरच थांबलेला दिसला तर टेबल पुरेसा आहे. पुन्हा लाल खूण येऊन पहिल्यापासून उघडला तर नवा कोरा असतानाच ही गत आहे, वर्षानं काय होईल ते बघा.

आता एक फसवणूक, जी मी स्वतः खाल्ली. तीन वर्षांपूर्वी भाच्यासाठी ऑनलाइन टॅब मागवला. जाहिरातीत ठळक "८ जीबी रॅम". घरी पेटी आली तर कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात "४+४". ते दुसरे ४ म्हणजे टाकीतलाच एक कोपरा कापून त्याला टेबल म्हणायचं. कुणी त्याला व्हर्च्युअल रॅम म्हणतं, कुणी एक्सपांडेड. कपाटाच्या फळीवर मोबाईल ठेवून दुरुस्त करायला गेलात तर जे होईल तेच होतं. काम निघतं पण धीम्या गतीनं, आणि टाकीतले ४ जीबी फुकट जातात. माझा धंदा हाच, आणि तरी मी फसलो. म्हणून पेटीवर रॅमच्या आकड्यात अधिकचं चिन्ह दिसलं की पहिला आकडाच खरा धरा. "८+१२८" मधला अधिक वेगळा, तिथं दुसरा आकडा स्टोरेजचा असतो.

आयपॅडच्या पेटीवर रॅम लिहीतच नाहीत. तिची अँड्रॉइडच्या आकड्याशी तुलनाही करू नका, तिथं थोड्या रॅमवर जास्त काम निघतं.

आता टाकी. इथं पहिला धक्का असा की ६४ म्हणून घेतलेले ६४ हातात पडत नाहीत. आडतीवर पोत्यामागं कडता, म्हणजे वजनातली ठरलेली तूट, कापतात ना, तसं. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. टॅबच्या आतला हिशेब बहुधा १,०२४ च्या पटीत चालतो, तिथं एक जीबी सुमारे १०७ कोटींचा. म्हणजे ६४ चे साठाच्या आतच आले. त्यात अँड्रॉइड स्वतः पथारी पसरून बसलेलं असतं, सोबत कंपनीनं भरून दिलेली अ‍ॅपं. काही टॅब ही सगळी तूट "सिस्टीम" या एका नावाखाली दाखवतात. माझ्या टेबलावर येणाऱ्या ६४ च्या टॅबमध्ये धन्याच्या वाट्याला चाळीस-पंचेचाळीस जीबी येतात, १२८ च्या टॅबमध्ये शंभराच्या आसपास. दाम दुप्पट लागत नाही, जागा मात्र दुपटीपेक्षा जास्त मिळते. ३२ चा टॅब कुणी जुन्यात देऊ केला तर घेऊ नका. २०२० सालचा आयपॅड ३२ पासून सुरू व्हायचा, तसे अजूनही विकायला येतात. दिसायला नवेकोरे असतात, पण भरतात लगेच.

गेल्या वर्षी जळकोटकडची एक मुलगी आली. टॅब ६४ चा, मेमरी फुल, नवीन लेक्चर उतरत नाही. मी फार विचार न करता तिला १२८ चं कार्ड दिलं, बसवूनही दिलं. चौथ्या दिवशी ती परत दारात. "दादा, कार्ड रिकामंच हाय अन् टॅब फुलचा फुल." मग मी जे आधी करायला पाहिजे होतं ते केलं. सेटिंग्जमध्ये जाऊन स्टोरेज उघडलं आणि तिला शेजारी स्टुलावर बसवून वाचून दाखवलं. सिस्टीम २०. क्लासचं अ‍ॅप ३१. व्हॉट्सअ‍ॅप ६. फोटो-व्हिडिओ ३. बाकी किरकोळ अडीच. शिल्लक दीड जीबी.

क्लासच्या अ‍ॅपमध्ये ८३ लेक्चरं होती. ती टॅबच्या पोटात, अ‍ॅपच्या स्वतःच्या कुलूपबंद कप्प्यात. कुणी कॉपी करून वाटू नयेत म्हणून ते अ‍ॅप कार्डावर काही जाऊच देत नव्हतं. म्हणजे शेजारी नवी टाकी बांधली, पण नळ तिला जोडलाच नाही. कार्ड मी परत घेतलं आणि पैसे दिले. चूक माझी होती. मी कार्ड विकलं, पण भरतंय काय ते विचारलं नाही.

म्हणून कार्डाच्या भरवशावर लहान टॅब घेण्याआधी क्लासच्या अ‍ॅपची सेटिंग उघडून बघा. डाउनलोड कुठं साठवायचं याचा पर्याय आहे का? नसेल तर तुमच्यासाठी कार्ड म्हणजे फक्त पीडीएफ, फोटो, सिनेमे आणि कीर्तनं ठेवायची कोठी. ते कामही लहान नाही, पण लेक्चरं पोटातच राहणार.

मग त्या मुलीचा हिशेब कागदावर मांडला. तुम्हीही असाच मांडा. ३१ जीबीत ८३ लेक्चरं, म्हणजे एक लेक्चर पावणेचारशे एमबीचं, सव्वा तासाचं. रोजची तीन, म्हणजे रोज सव्वा जीबीच्या आत-बाहेर. दिवाळीला वीस कोरडे दिवस, म्हणजे २२ ते २५ जीबी. हे झालं चढ-उतार होणारं पाणी. त्याशिवाय टाकीच्या बुडाशी काही पाणी कायम असतं: अ‍ॅपं, पीडीएफ, नोट्स, फोटो, व्हॉट्सअ‍ॅप. ते तिचं बारा जीबीच्या आसपास. आणि उजळणीसाठी तिला जुनी लेक्चरं पुसायची नव्हती, ती ३१. बेरीज सत्तरच्या जवळ. ६४ च्या टॅबात जागा चव्वेचाळीस. दिवाळीत तिचं कसं भागणार होतं? तिनं केलं तेच, रोज रात्री मन घट्ट करून जुनी लेक्चरं पुसत होती आणि आठवड्यानं तीच पुन्हा उतरवत होती. १२८ असता तर हा उपद्व्याप लागला नसता. २५६ ची मात्र तिलाही गरज नव्हती.

तुमचं लेक्चर केवढं भरतं हे टॅब घेण्याआधीच कळू शकतं. क्लासचं डेमो लेक्चर बापाच्या मोबाईलवर उतरवा, अ‍ॅपची जागा आधी किती होती आणि नंतर किती झाली ते बघा. फरक तेवढं तुमचं माप. एक आकडा लक्षात ठेवा: व्हिडिओचा वेग १ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १ मेगाबिट, असेल तर तासाला ४५० एमबी जातात. फळ्यावर खडूनं शिकवलेलं लेक्चर कमी वेगातही स्वच्छ दिसतं, कारण पडद्यावर फार काही हलत नाही. व्हिडिओची क्वालिटी ४८० वर ठेवली तरी सूत्रं वाचता येतात. पोरं उगाच १०८० वर उतरवतात आणि मग मेमरी पुरत नाही म्हणतात. ही एक सेटिंग बदलून कित्येकांचा टॅब वर्षभर जास्त चालला आहे.

जेवढा हिशेब निघेल त्यावर थोडी जागा रिकामी धरा, टाकीच्या सात भागांतला एक तरी. ही चैन नाही. टॅबमधली मेमरी फ्लॅशची असते, आणि तिचा स्वभाव पाटीसारखा नाही. पाटीवरचं एक अक्षर बोटानं पुसून त्या जागी दुसरं लिहिता येतं. फ्लॅशमध्ये एक अक्षर बदलायचं तरी अख्खी पाटी पुसावी लागते. म्हणून ती नवीन मजकूर आधी दुसऱ्या कोऱ्या पाटीवर लिहिते आणि जुनी सवडीनं पुसते. कोऱ्या पाट्याच उरल्या नाहीत की प्रत्येक बारीक कामाला आधी पुसापुशी. काठोकाठ भरलेला टॅब रडतो तो यामुळं. दुकानात असे टॅब "व्हायरस आलाय" म्हणून येतात. मी दहा जीबी मोकळे करून देतो आणि लोक मला जादूगार समजतात.

स्वस्त टॅबमध्ये ईएमएमसी जातीची मेमरी असते, जरा वरच्या टॅबमध्ये यूएफएस. ईएमएमसी एका वेळी एक तर वाचते नाही तर लिहिते, यूएफएस दोन्ही सोबत करते. किंमत जवळपास सारखी असेल तर यूएफएसवाला घ्या, पुढं डोकं लावायची गरज नाही.

कार्ड घेणारच असाल तर त्यावर ए१ किंवा ए२ लिहिलेलं बघून घ्या, अ‍ॅपच्या कामाला ते बरं पडतं. रस्त्यावर चारशे रुपयांत १ टीबीचं कार्ड मिळतं, ते चारशे रुपयांचंही नसतं. आत ८ किंवा १६ जीबी असतात, फक्त खोटं बोलायला शिकवलेलं असतं. टॅबला १ टीबी दाखवतं, खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं हवेत. कॉम्प्युटर असेल तर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा छोटा फुकट प्रोग्राम कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतो, पहिल्याच दिवशी तेवढं करा. आणि कार्ड घातल्यावर टॅबनं "इंटरनल म्हणून फॉरमॅट करू का" विचारलं तर विचार न करता हो म्हणू नका. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून ही सोय काही टॅबमध्ये आहे. तसं केलं की कार्डाला त्या एकाच टॅबचं कुलूप लागतं. टॅब मेला की कार्डावरचं दुसरीकडं कुठंच उघडत नाही. एका मास्तरांच्या शाळेच्या सहलीचे फोटो असे गेले. मला काही करता आलं नाही.

आयपॅडला कार्डाचा स्लॉट पहिल्यापासूनच, २०१० पासून नाही. टाइप-सीवाल्या आयपॅडला पेनड्राइव्ह लावून फाइल्स अ‍ॅपमधून पीडीएफ, व्हिडिओ बघता येतात, पण क्लासची कुलूपबंद लेक्चरं तिथं जात नाहीत ती नाहीतच. साधा आयपॅड २०२५ पासून १२८ चा येतो. १२८ वरून २५६ वर जायला भारतात १० हजार जास्त मोजावे लागत होते. एवढ्या पैशात मेसचे किती महिने निघतात ते मोजा आणि १२८ वर थांबा.

सरकारी योजनेतून टॅब मिळाला असेल तर निवड आपल्या हातात नसते, पण हिशेब तोच. महाज्योतीच्या योजनेत मुलांना टॅबसोबत रोज ६ जीबी डेटा देतात. म्हणजे नळ रोज येतो. गावात रेंज असेल तर साठवण्याची हाव धरू नका. बघा, पुसा, लागलं तर पुन्हा उतरवा.

पैसे कमी पडत असतील तर मेमरीत काटकसर करू नका. सोबतचा कीबोर्ड सोडा, पोरं तो आठवडाभर वापरतात आणि मग तो गादीखाली जातो. सिमवाला टॅबही सोडता येतो, पोराच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भागतं. पोराजवळ मोबाईलच ठेवायचा नाही असं घरात ठरलं असेल तर मात्र सिम पाहिजे. त्या भांडणात मी पडत नाही.

तर ते सोयाबीनवाले मामा. त्यांचा पोरगा गप्प उभा होता, बापच बोटांवर मोजत होता. "पोळ्याला चार दिवस. दसऱ्याला तीन. दिवाळीला पंधरा. अन् परीक्षा झाल्यावर?" परीक्षा झाल्यावर लेक्चर नाहीत, ते सोडा म्हटलं. सर्वांत लांब कोरडा पट्टा पंधरा दिवसांचा. डेमो लेक्चर त्यांच्या मोबाईलवर उतरवलं, पाचशे एमबी भरलं. रोजची तीन धरून साडेबावीस, बुडाचे पंधरा, उजळणीचे तीस. बिलाच्या पाठीमागं मी लिहून दिलं: "८/१२८. रॅमच्या आकड्यात अधिक नको. कार्डाचा स्लॉट असला तर बरा, नसला तरी चालेल. पैसे देण्याआधी सेटिंग्जमध्ये अबाउट टॅब्लेट उघडून रॅम बघणे."

दीड तासानं दोघं टॅब घेऊन काच बसवायला आले. मी पडदा पुसता पुसता स्टोरेज उघडलं. १२८ पैकी २५ वापरलेले.

मामा वाकून बघत होते. "पंचवीस? आरं, पोरानं अजून हातबी लावला नाही!"

"कडता, मामा," मी म्हटलं.